फॅट कमी का लागते?

दुधाचा भाव फॅटवर ठरतो, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील चीज-लोण्याच्या कारखान्यांत दूध बहुधा नुसते वजनावर घेतले जाई. पाणी घालणारा किंवा साय काढून घेणारा फायद्यात, सकस दूध घालणारा तोट्यात! १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी सोपी तपासणी शोधली. दुधात गंधकाम्ल घालून बाटली यंत्रात गरगर फिरवायची. स्निग्धांश बाटलीच्या मानेत वर येतो, तो खुणांवर मोजायचा. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही.

मला तिचा दुसरा उपयोग मोठा वाटतो. आता एकेका गाईचे दूध मोजता येऊ लागले. जर्सी गाय दूध कमी देते, पण फॅट पाच टक्क्यांच्या आसपास. होल्स्टीन दूध भरपूर देते, फॅट मात्र साडेतीन-चार टक्के. धारेचे शेवटचे दूध पहिल्यापेक्षा दाट असते. वैरण कमी करून खुराक फार वाढवला, तर फॅट उतरते.

तेव्हा फॅट कमी लागली की शेतकऱ्यावर पाण्याचा आळ घेण्याआधी त्याची गाय कोणती आणि तिच्या दावणीत काय पडते, एवढे तरी विचारावे.