धुराच्या नळीचा अलंकार

मोटारगाडीच्या सर्व अवयवांत धुराच्या नळीइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. इंजिनाने पेट्रोल जाळल्यावर जे काही उरते ते मुकाट्याने मागे नेऊन सोडावे, एवढेच तिचे काम. दिवे पुढे मिरवतात, रंग अंगभर झळकतो. ही बिचारी पोटाखालून, चिखल आणि पाणी सोशीत जाते. असे असूनही जयपूरचे आदर्शनगर असो की मुंबईत कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता, हौशी मोटारवाला गाडी नटवावयास निघाला म्हणजे ह्या नळीच्या टोकावर एक चकचकीत टोपण चढविल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ह्या धूरवाहिनीला अलंकाराचा मान कसा लाभला, ह्याची कथा लांबची आहे. तिचे एक पान इंदूरच्या होळकरांच्या मोटारखान्यातही सापडते.

आरंभीचा सारा खटाटोप ह्या नळीला गप्प करण्याचा होता. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन रीव्ह्ज व त्याचा भाऊ मार्शल ह्यांनी १८९७ साली आवाज कोंडणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो त्याचे हे एक आद्य रूप. परंतु माणसाचा स्वभाव असा की, आवाज कोंडण्याची सोय होताच तो मोकळा करण्याचीही सोय त्याला हवीशी वाटली. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत सायलेन्सर टाळून वायू थेट बाहेर सोडणारी झडप असे. चढावर थोडे बळ वाढते, हे तिचे सांगावयाचे कारण. गावातून जाताना लोकांनी वळून पाहावे, हे न सांगावयाचे. कलकत्त्यात तर १९१० साली एका इंग्रज गृहस्थाने हंसाच्या आकाराची मोटार आणली. तिच्या निकास-वायूवर बाजाच्या नळ्यांसारखा भोंगा वाजत असे. वाया जाणाऱ्या वायूलाही शोभेच्या कामाला जुंपण्याचा हा प्रयोग. ती गाडी पुढे नाभा संस्थानात गेली.

नळी डोळ्यांना दिसू लागली ती मात्र शक्तीच्या कारणाने. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने आपल्या शर्यतीच्या जातीच्या गाड्यांना हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, बसविले आणि जाड लवचिक नळ्या बॉनेटच्या कुशीतून बाहेर काढल्या. अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीने १९२८ च्या अखेरीस ‘जे’ नावाची गाडी आणली. तिची अश्वशक्ती २६५ सांगितली जाई. १९३२ मध्ये तिचाच सुपरचार्जर असलेला अवतार निघाला, तो ‘एस-जे’, त्याची ३२०. त्या यंत्राने बॉनेटखालची जागा अडविल्यामुळे निकासाच्या नळ्यांना बाहेरची वाट धरावी लागली. तेव्हा त्या चमकत्या नळ्या म्हणजे आतल्या सामर्थ्याची साक्ष होती.

पण साक्ष विकत मिळू लागली की तिची किंमत राहत नाही. सुपरचार्जर नसलेल्या साध्या ‘जे’ गाडीचे गिऱ्हाईकही तशाच नळ्या मागू लागले आणि कंपनीने त्या दिल्याही. आत यंत्र नाही, बाहेर नळ्या मात्र आहेत! धुराच्या नळीचा निव्वळ अलंकार झाला तो ह्या क्षणी, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांची गाडी मात्र अस्सल होती. एकार्ट मुथेसियस ह्या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा नव्या युरोपीय धाटणीत सजवून घेणारा हा राजा. अठराव्या शतकापासून घोड्यावर दौडणाऱ्या घराण्यातला. त्याला वेगाचे वेड असावे ह्यात नवल ते काय! १९३५-३६ च्या सुमारास त्यांच्यासाठी एस-जे गाडीचा सांगाडा अमेरिकेतून लंडनला आला आणि गर्नी नटिंग ह्या कारागिरांनी त्यावर दोन आसनांचा लांबलचक साज चढविला. रंग केशरी आणि काळा. १९३७ मध्ये ड्यूझेनबर्ग कंपनी बुडाली, १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि गाडी अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली.

राजांची हौस पुढे बाजारात उतरली. १९५२ च्या कॅडिलॅक गाडीत निकासाची तोंडे मागच्या बंपरातच बसविली होती. ज्याला अशी गाडी परवडत नाही त्याच्यासाठी नळीच्या टोकावर चढवायचे सुटे टोपण आले. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनविलेल्या फियाट गाडीची नळी बोटभर जाडीची, गरिबाच्या चिलमीसारखी. तिला क्रोमचे रुंद तोंड लावले की गाडी श्रीमंत दिसे, पळे मात्र तितकीच. बसविणे अगदी सोपे: टोपण नळीवर सरकवावे आणि स्क्रू आवळावेत, की झाले.

काढणे मात्र तितके सोपे नाही, आणि ह्याला कारण रसायन आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. रोजच्या जवळच्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही, आणि आम्लमिश्रित पाणी आतच थिजून लोखंड खाते. टोपण आणि नळी ह्यांच्या फटीत तर ते मुक्कामच ठोकते. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यात भर घालतात. दोनतीन वर्षांनी स्क्रू फिरेनासे होतात. तेल सोडून रात्रभर ठेवा, हळूहळू ठोका, नाहीतर शेवटी करवत धरा. आणि टोपण निघाले की त्याच्याबरोबर नळीचा कुजलेला तुकडाही हातात येतो. बाहेरून लखलखणारे टोक पाहून मालक निर्धास्त असतो. आतली गळती त्याला दिसत नाही. ह्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि मधेच फुटलेल्या नळीतून तो गाडीत शिरला तर बसणाऱ्याला कळण्यापूर्वीच ग्लानी येते. जुन्या मिस्त्रीला टोपणापेक्षा त्यामागची चार फूट नळी वाकून पाहण्याची सवय असते, ती उगीच नव्हे.

जुन्या गाड्यांचे जाणकारही असेच वाकून पाहतात. ड्यूझेनबर्गच्या अनेक ‘जे’ गाड्यांना बाहेरच्या नळ्या मागाहून, कुणी तरी केव्हा तरी लावलेल्या आहेत. गाडी मूळ स्वरूपात आणताना त्या ठेवाव्यात की काढाव्यात, ह्यावर वाद होतात. कारण त्या काढल्या तर मागच्या मालकाची हौस पुसली जाते, आणि ठेवल्या तर गाडी नसलेल्या बळाचा आव आणीत राहते. तेव्हा पहिले काम एकच: बॉनेट उघडून सुपरचार्जर आहे की नाही ते पाहणे.