फोमगाभ्याची फायबर होडी

फोमगाभ्याची फायबर होडी : हलक्या, बंद पेशींच्या फोमच्या तक्त्यांना आतून-बाहेरून काचतंतू आणि रेझिन यांचे पातळ कवच चढवून बांधलेली होडी. कारखान्यातली फायबर होडी बहुधा साच्यात होते आणि एका साच्यातून अनेक होड्या निघतात. एकच होडी हवी असणाऱ्याला साचा परवडत नाही. फोमच्या गाभ्याने ही अडचण सुटते, कारण इथे आकार फोमच देतो आणि तो होडीतच कायम राहतो. त्यामुळे तीन-चार मीटरची वल्ह्याची किंवा शिडाची होडी घरच्या पडवीत किंवा मांडवाखाली बांधणे एकट्या-दुकट्या हौशी माणसाच्या आवाक्यात येते.

तक्ता वाकतो तेव्हा त्याचे एक कवच ताणले जाते आणि दुसरे दाबले जाते. मधला फोम दोन्ही कवचांना ठरावीक अंतरावर धरून ठेवतो आणि त्यांच्यामधला कातर-ताण पेलतो. लोखंडी तुळईतली मधली उभी पट्टी हेच काम करते. चौरस मीटरला ६०० ग्रॅम भरणारे काचकापड दोन्ही बाजूंना, मध्ये १२ मिमी जाडीचा व घनमीटरला ८० किग्रॅ वजनाचा फोम आणि कापडाच्या वजनाइतके इपॉक्सी असा हिशेब धरला, तर तक्त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे साडेतीन किग्रॅ होते. तेवढाच ताठ तक्ता निव्वळ फायबरचा करायचा तर जाडी ९ मिमीच्या आसपास न्यावी लागेल आणि वजन चौपट होईल. मात्र ताठपणा म्हणजे मार सोसण्याची ताकद नव्हे. वरच्या हिशेबातले एकेक कवच एक मिमीपेक्षाही पातळ असते आणि खडकावर आपटल्यास ते फुटते. म्हणून तळाला आणि नाळेला बाहेरून कापडाचे जादा थर द्यावेच लागतात.

हलका गाभा आणि कणखर कवच ही रचना होडीआधी विमानात गाजली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचे धड बाल्सा लाकडाच्या गाभ्यावर बर्च प्लायवूड चिकटवून केलेले होते. होडीबांधणीत फोमचा गाभा प्रतिष्ठेला पोचला तो ब्रिटिश रचनाकार डेरेक केल्सॉल यांच्या ‘टोरिया’ या ४२ फुटी ट्रायमरानमुळे. तिने १९६६ची राउंड ब्रिटन शर्यत जिंकली. पुढे केल्सॉल यांनी सपाट टेबलावर मोठे तक्ते ओतून त्यांतून होडी घडवण्याची पद्धत विकसित केली. घरी होडी बांधण्याचा वारसा मात्र प्लायवूडकडून आला. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळाने १९६३ मध्ये आलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या छोट्या होडीचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचपट्टी चढवली जाई. फोमचे तक्तेही आज असेच शिवले जातात.

फोम निवडताना पुष्कळांची फसगत होते. पॅकिंगचा थर्मोकोल पॉलिस्टरीनचा असतो आणि पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो विरघळून जातो. इपॉक्सीखाली तो टिकतो, पण होडीच्या तळाला लागणारी कातर-ताकद त्याच्यात नसते. पॉलियुरेथेन फोम रेझिनला दाद देत नाही, पण ठिसूळ असतो. सततच्या थरथरीने कवचालगतचा त्याचा भुगा होतो आणि कवच सुटते. तरंगण्याच्या बंद कप्प्यांत भरायला तो चांगला, गाभ्याला नाही. गाभ्यासाठी पीव्हीसी किंवा सॅन (स्टायरीन-अ‍ॅक्रिलोनायट्राइल) जातीचा फोमच घ्यावा. तो महाग असतो, पण इथे वाचवलेला पैसा पुढे दुरुस्तीत जातो.

रेझिन दोन प्रकारचे मिळते. पॉलिएस्टर स्वस्त आहे आणि किनाऱ्यावरच्या फायबर कारागिरांच्या हातात बसलेले आहे. त्यात कोबाल्ट आणि कॅटलिस्ट वेगवेगळे घालतात. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. इपॉक्सीत रेझिन व हार्डनर यांचे प्रमाण उत्पादक ठरवून देतो आणि ते काटेकोर पाळावे लागते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला तर कवच कायमचे मऊ राहते. इपॉक्सी फोमला अधिक घट्ट धरते, म्हणून पहिल्या होडीसाठी जास्त पैसे मोजूनही तेच घेणे शहाणपणाचे. त्याच्याबरोबर साधी काचमॅट न वापरता विणलेले किंवा शिवलेले कापड वापरावे, कारण मॅटमधले तंतू बांधून ठेवणारा पदार्थ विरघळायला बहुधा स्टायरीन लागते.

छोट्या होडीला तक्त्यांची पद्धत सर्वांत सोयीची. फोमचे तक्ते टेबलावर सपाट ठेवून आधी फक्त आतल्या बाजूचे कवच चढवतात. मग नकाशाप्रमाणे तक्ते कापून, वाकवून, कडेला कड शिवतात. एका बाजूला कवच असलेला तक्ता वाकतो, दोन्ही बाजूंना चढवल्यावर वाकत नाही. हा क्रम चुकला की तक्ते वाया जातात. सांध्यांच्या आत घट्ट केलेल्या रेझिनची गोलसर कड भरून तिच्यावर काचपट्टी चढवतात, होडी पालथी करतात, बाहेरच्या कडा घासून गोल करतात आणि शेवटी सबंध बाहेरचे कवच घालतात. गोलसर अंगाच्या होडीला दुसरी रीत आहे. लाकडी फासळ्या आणि पट्ट्या यांच्या तात्पुरत्या सांगाड्यावर फोम बसवून आधी बाहेरचे कवच घालतात, मग सांगाडा काढून आतले.

कवच आणि फोम यांचा जोड हाच या होडीचा प्राण. तो सुटला की दोन्ही कवचे वेगवेगळी वाकू लागतात आणि सगळा ताठपणा जातो. कापलेल्या फोमच्या पृष्ठभागावर उघड्या पेशी असतात. कोरडे कापड तसेच टाकून वरून रेझिन ओतले तर पेशी ते शोषून घेतात आणि कापड उपाशी राहते. म्हणून आधी हलकी पोकळ काचपूड मिसळलेले रेझिन फोमवर पातळ ओढून घेतात आणि ते ओले असतानाच कापड टाकतात. नंतर रोलरने हवा काढत राहायचे. रेझिनची चकाकणारी तळी दिसली तर ती जास्तीच्या वजनाची खूण समजावी. वेळही महत्त्वाची आहे. सकाळी तापमान चढत असताना फोममधली हवा प्रसरण पावून कवचाखाली फुगे येतात. दुपार कलल्यावर, पारा उतरत असताना केलेले काम निर्दोष होते. कोकणातल्या पावसाळ्यात बऱ्याच इपॉक्सींवर मेणचट थर धरतो. पुढचा थर देण्याआधी तो पाण्याने धुऊन पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासावा. तयार होडीला पांढरा किंवा फिकट रंगच द्यावा, कारण गडद रंगाखाली उन्हात पीव्हीसी फोम मऊ पडू शकतो.

वल्ह्याची कडी, डोलकाठीचा पाया, इंजिनाची फळी अशा ठिकाणी बोल्ट थेट फोममधून नेऊ नयेत. आवळल्यावर फोम दबतो आणि भोकातून पाणी शिरते. तिथला फोम आधीच कोरून मरीन प्लाय किंवा भरीव फायबर बसवतात.

स्टायरीनच्या वाफेसाठी सेंद्रिय वाफांचा मास्क, काचधुळीसाठी धूळमास्क, इपॉक्सीसाठी नायट्राइलचे हातमोजे हवेतच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

कवचांमध्ये गाभा ही रचना आपल्याकडेही थोर कामाला आली आहे. नौदलाची ‘तारिणी’ ही १७ मीटरची शिडाची नौका गोव्याच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधली. तिचा गाभा फोमचा नसून लाकडाचा आहे. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

घरी होडी बांधू पाहणाऱ्याने पहिल्यांदा फूटभर लांबीचा नमुना-तक्ता करावा, आठवडाभर कडक होऊ द्यावा आणि मग त्याचे कवच पटाशीने सोलून काढावे. फोम फाटून कवचाला चिकटून आला तर जोड पक्का. कवच फोमपासून स्वच्छ सुटले तर पद्धत सुधारून पुन्हा नमुना करावा आणि तो कसोटीला उतरल्याशिवाय होडीला हात घालू नये.