सुविचाराने गिरणी सुरू होत नाही

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते. रसायने आणि मोटारींचे सुटे भाग तयार करणारी ही वसाहत सोलापूरच्या श्रमाच्या इतिहासातले दुसरे पर्व. पहिले पर्व गिरण्यांचे. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्यांनी शहराचे घड्याळ भोंग्यावर लावून टाकले. आज या गिरण्या नाहीत. कंत्राट संपलेल्या, रात्रपाळीने झोप उडालेल्या, दिवसचे दिवस कशातच मन न लागणाऱ्या माणसाला मात्र एक सल्ला फुकट मिळतो : पॉझिटिव्ह विचार कर. हा सल्ला वाईट हेतूने दिला जात नाही. पण नैराश्य या आजारावर तो उपचार म्हणून चालतो का, याचे उत्तर शोधताना गिरणगावाचा इतिहास मोठा उपयोगी पडतो, आणि ते उत्तर बहुतांशी नकारार्थी येते.

ऑगस्ट 1949 मध्ये जुनी मिल व्यवस्थापनाच्या गैरकारभारामुळे बंद पडली. तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी कामगारांना धीर धरा असे सांगून वेळ मारून नेली नाही. जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम निघाला, मग संसदेने केवळ या एका कंपनीसाठी कायदा केला आणि सरकारने कारभार हाती घेतला. कायद्याच्या प्रास्ताविकात दोन कारणे नोंदली आहेत : आवश्यक मालाच्या उत्पादनाला बसलेला फटका आणि समाजाच्या एका वर्गात पसरलेली गंभीर बेकारी. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1950 मध्ये बहुमताने फेटाळले. 1953 च्या अखेरीस दुसऱ्या खटल्यात मात्र मालमत्तेच्या हक्कापुढे तो कायदा टिकला नाही. घटनेच्या अभ्यासकांना हे खटले मालमत्तेच्या हक्कासाठी आठवतात. आपल्या विषयासाठी त्यातली दुसरी गोष्ट मोलाची आहे. बंद गिरणीपुढे हताश बसणे ही माणसाच्या विचारसरणीची चूक आहे, असे त्या काळी कोणी धरले नव्हते.

काम गेल्यावर मनाचे काय होते, याची काटेकोर मोजणी ऑस्ट्रियातल्या एका गिरणीच्या गावात झाली. व्हिएन्नाजवळचे मारिएन्थाल हे गाव कापडगिरणीवर जगत होते आणि ती 1929-30 मध्ये बंद पडली. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या 478 कुटुंबांचा अभ्यास करून 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. रिकामा वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे घटले. पुरुष रस्त्याने रेंगाळत, थांबत चालू लागले. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण चूल, धुणे, पोरे यांनी त्यांचा दिवस बांधलेलाच होता. सर्वांत बोलका आकडा पैशाचा आहे. उमेद टिकवून असलेल्या कुटुंबांचे दरमाणशी मासिक उत्पन्न 34 शिलिंगांच्या आसपास होते, तर पार खचलेल्यांचे 19. आशावादी माणसे जास्त कमावत असतील, असा उलटा अर्थ इथे लावता येत नाही. गावातली बहुतेक कुटुंबे बेकारभत्त्यावरच होती आणि भत्ता कोणाच्या मनोवृत्तीवर ठरत नव्हता.

यावर वजनदार आक्षेप असा, की मानसोपचारात विचार बदलण्यावरच तर भर असतो. अल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांनी तेच केले, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. खरे आहे. पण ही मंडळी रुग्णाच्या डोक्यात चांगला विचार भरत नाहीत, वाईट विचाराची उलटतपासणी घेतात. ‘माझे सगळे संपले’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारणे वेगळे आणि ‘सगळे छान होईल’ हे घोकायला लावणे वेगळे. दुसरे प्रसंगी अंगलटही येते. कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले, की स्वतःबद्दल मुळात कमी मत असणाऱ्यांनी आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य स्वतःशी म्हटले, तर त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटते. ते सगळे नैराश्याचे रुग्ण नव्हते, हे मान्य. पण स्वतःला कमी लेखणे हे नैराश्याचे ठळक लक्षण असल्याने इशारा पुरेसा आहे. शिवाय आशा करता न येणे हाच या आजाराचा गाभा. तापाने फणफणलेल्याला अंग गार ठेव म्हणण्यासारखेच हे.

मग कशाने फरक पडतो? जवळचा दाखला गोव्याचा आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या 495 रुग्णांवर विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. त्यांचा भर विचारांपेक्षा कृतीवर होता : सुटलेली कामे थोडीथोडी पुन्हा धरणे, माणसांत जाणे, समोरची अडचण सोडवणे. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार काहीसे सुधारून दिलेल्या गटातले 39 टक्के. तीव्र आजारात औषधे लागतातच. पण मन आधी सुधारेल आणि मग माणूस उठेल, हा क्रम बऱ्याचदा उलटा असतो.

सत्संगाला, व्याख्यानमालेला जाऊन सावरलेले लोक दिसतातच की, असे कोणी म्हणेल. दिसतात. मात्र तिथे सुविचाराबरोबर ठरलेली वेळ मिळते, चार ओळखीचे चेहरे मिळतात, येण्याजाण्याचे निमित्त मिळते. श्रेय एकट्या सुविचाराला देण्याची घाई कशाला? गिरण्यांच्या काळात हे सगळे दाराशी होते : चाळ, तालीम, गणेशोत्सवाचे मंडळ, युनियन. बदली कामगाराची कमाई बेभरवशाची, कापसाच्या तंतूंनी छाती भरलेली. तो सुवर्णकाळ मुळीच नव्हता. पण एखाद्याने खाडे सुरू केले तर शेजारच्या साच्यावरच्याला कळत होते. चिंचोळीची वसाहत शहराबाहेर, माणसे गावोगावची, पाळ्या वेगवेगळ्या आणि ठेकेदार बदलते. तिथे गप्प होत गेलेला माणूस कोणाच्या लक्षातच येत नाही, हा धोका अधिक.

म्हणून या वसाहतीत नैराश्याचा विचार करायचा तर तो हजेरीपुस्तकापासून करावा लागेल. कामगार राज्य विमा योजनेत दीर्घकालीन आजारांच्या यादीत नैराश्याचा विशिष्ट तीव्र प्रकारही आहे, आणि अशा आजारात वाढीव रजा व वेतनाच्या 80 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. अट अशी, की आधीची दोन वर्षे विमा लागू असलेली नोकरी सलग असली पाहिजे. ठेकेदाराने मध्ये ब्रेक दिला, किंवा वर्गणीच भरली नाही, तर ज्याला या रजेची सर्वाधिक गरज त्याच्याच हातून ती निसटू शकते.