नाळरक्तपेढी

नाळरक्तपेढी : बाळंतपणानंतर नाळ व वार यांत उरलेले रक्त, त्यातील मूळ पेशींसाठी, गोठवून जपणारी संस्था. या पेशी अस्थिमज्जेप्रमाणे नवे रक्त तयार करू शकतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एल्यान ग्लुकमन यांनी फँकोनी ॲनिमिया झालेल्या मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. पहिली सार्वजनिक पेढी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला निघाली.

संकलन : नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत घेतात. आईला वा बाळाला वेदना होत नाहीत. साधारण ६० ते १२० मिलि. रक्त मिळते. ते सुमारे ४८ तासांत प्रक्रिया करून द्रव नायट्रोजनमध्ये, −१९६° से.पर्यंतच्या तापमानात ठेवतात.

बालकांतील उपयोग : थॅलॅसेमिया, सिकलसेल, रक्ताचे कर्करोग, जन्मजात प्रतिकारक्षमतेचा अभाव, हर्लर हा जन्मजात चयापचय विकार. मात्र ज्या बाळाची नाळ, त्याच बाळाला हे रक्त क्वचितच कामी येते. थॅलॅसेमियाचा दोष जनुकातच असल्याने तो नाळेतील पेशींतही असतो. खरा लाभ भावंडाला होतो. थॅलॅसेमियाचे मूल असलेल्या, दोन्ही पालक वाहक असलेल्या घरी पुढचे बाळ आजारमुक्त आणि ऊतिगटाने जुळणारे असण्याची शक्यता १६ पैकी ३ असते. अशा घरासाठी साठवण रास्त आहे. इतर घरांसाठी, केवळ स्वतःच्या भावी वापराकरिता साठवणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ‘जैविक विमा’ ही जाहिरातीतील भाषा पालकांनी याच कसोटीवर तपासावी. सेरेब्रल पाल्सी व स्वमग्नता यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष अद्याप निर्णायक नाहीत.

प्रौढ रुग्ण : एका नाळेतील पेशी सहसा अपुऱ्या पडतात.

नाळ कापण्याची वेळ : पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर बांधणे अयोग्य. ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेनुसार निदान ३ मिनिटे किंवा नाळेचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहावी. त्या वेळात बाळाला मिळणारे रक्त त्याच्या पहिल्या काही महिन्यांतील लोहाचा साठा वाढवते. निरोगी बाळासाठी पिशवीपेक्षा हे रक्त मोलाचे आहे.

नांदेड जिल्हा : तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादसारख्या गावी घेतलेली पिशवी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत वेळेत पोहोचवणे हाच पहिला प्रश्न. जिल्ह्याच्या किनवट–माहूर या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. त्यामुळे गरोदरपणीच हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी तपासणी, आणि आई वाहक निघाल्यास वडिलांचीही, पेढीच्या शुल्काआधी येते. थॅलॅसेमियाच्या मुलाला जुळणारे भावंड असल्यास थॅलॅसेमिया बाल सेवा योजनेतून प्रत्यारोपणासाठी पात्र कुटुंबांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मुंबई महापालिकेच्या बोरिवली येथील केंद्रात मुलांवर असे प्रत्यारोपण होते. तिथे भावंडाची अस्थिमज्जाही चालते, त्यामुळे नाळ जपली नाही म्हणून उपचाराची वाट बंद होत नाही.