अशोकाचे मार्ग आणि बारामती-इंदापूरचा माळ

सम्राट अशोकाने मार्गांच्या कडेला वृक्ष लावले व विहिरी खोदविल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते कोणासाठी, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात 'पसुमनुसानं' असा शब्द आहे. पशू आणि मनुष्य या दोहोंच्या उपयोगासाठी, असा त्याचा अर्थ होय. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखातही वडाची सावली दोघांसाठीच सांगितली आहे.

येथील पशू म्हणजे ओझ्याची जनावरेच, असा आक्षेप घेता येईल. तथापि, पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव इत्यादी मुक्त जीवही अवध्य ठरविले आहेत. जीव असलेला भुसा जाळू नये आणि निष्कारण वणवा लावू नये, अशीही आज्ञा आहे. हे लेख एकत्र वाचले म्हणजे राज्यकर्त्याची करुणा गोठ्यापाशी थांबत नव्हती, हे स्पष्ट होते.

आज हीच कसोटी बारामती-इंदापूरच्या मार्गांना लावली पाहिजे. पाटस-बारामती-इंदापूर या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. जुन्या वडांचा प्रश्न निघाला आणि काही वड मुळांसह हलविण्यात आले. हे योग्यच झाले. परंतु या भूमीचे खरे धन माळरान आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. चिंकारा, लांडगा व खोकड यांना अशा एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जाताना एस.टी. व मालमोटारींचे रस्ते ओलांडावेच लागतात. त्यांना दाट झाडी नको. रस्त्याकडेचे न जाळलेले गवत आणि ओढ्यांवरील पुलांखाली मोकळी, कोरडी वाट हवी. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अशा ९ वाटा पुलांखालून ठेवल्या आहेत आणि त्यांतून वाघही ये-जा करतात. मग माळावरच्या लांडग्यासाठीच ते अशक्य का मानावे?

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, अस्पृश्य माणसाला मात्र मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो अन्याय मोडला. पशूला द्यायचे आणि माणसाला नाकारायचे, ही करुणा नव्हे. म्हणून वन्यप्राण्यांची वाट राखताना गायरानावर पोट भरणारा भूमिहीन आणि माळावर मेंढरे चारणारा धनगर यांना हुसकावले जाऊ नये. त्यांच्याशी विचारविनिमय करूनच त्या वाटा आखल्या पाहिजेत.

अशोकाने पशू आणि मनुष्य यांना एकाच शब्दात गुंफले. त्यांपैकी एकाला वगळून तो शब्द वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही.