उघडून दिलेले पान

२००३ सालच्या ऑगस्टमध्ये मी पीएच.डी.साठी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका विद्यापीठगावी उतरलो, तेव्हा विमानतळावर मला न्यायला आलेली व्हॅन एका चर्चची होती. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त हायस्कूल शिक्षक. त्यांनी माझे आडनाव तीनदा विचारले, तीनदा चुकीचे उच्चारले आणि चौथ्यांदा अगदी बरोबर. पुढच्या शनिवारी त्याच चर्चच्या तळघरात जुने सामान फुकट वाटले. मला एक गादी, एक टेबल आणि भाताचे एक जाड बुडाचे पातेले मिळाले. ते पातेले आजही आमच्या घरी आहे. बायको त्याला 'चर्चचं पातेलं' म्हणते.

माझा रूममेट सोलापूरचा. तो म्हणाला, "लेका, फुकटची गादी महागात पडते. बघ, महिन्याभरात बायबल घेऊन दारात उभे राहतील."

राहिले. तीन आठवड्यांतच.

हे चर्च इव्हँजेलिकल पंथाचे होते. म्हणजे बायबल अंतिम प्रमाण मानणारे, प्रत्येकाने स्वतः अंतःकरणातून बदलले पाहिजे असे सांगणारे आणि ही सुवार्ता दुसऱ्याला सांगणे हे आपले कर्तव्य समजणारे. आपल्यापैकी पुष्कळांची या देशातली पहिली ओळख अशाच लोकांशी झाली असेल. हे स्वागत खरे की आमिष, हा प्रश्न माझ्या मनातून वीस वर्षे गेला नाही. मी इतिहासकार नव्हे. धंदा सॉफ्टवेअरचा, एखादी व्यवस्था नव्या माणसाला नेमकी कुठे अडवते हे शोधण्याची सवय मात्र अंगवळणी पडलेली. त्या सवयीने या चर्चांचा इतिहास वाचू लागलो, आणि पहिली ठेच लागली ती बाकांना.

बाकांचा हिशोब

आज कुठल्याही चर्चमध्ये जाऊन हव्या त्या बाकावर बसता येते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. अमेरिकेतल्या बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चांचा खर्च बाकांच्या भाड्यावर चाले. पुढचा बाक महाग, मागचा स्वस्त, आणि कुटुंबाचा बाक ठरलेला. ब्रुकलिनमध्ये हेन्री वॉर्ड बीचर यांच्या प्रसिद्ध चर्चमध्ये तर दरवर्षी बाकांचा लिलाव होई. गावात नवा आलेला कारागीर किंवा मोलकरीण रविवारी दारात आली की पहिला प्रश्न हाच, की बसायचे कुठे? कोणी हाकलत नसे; पण रिकामा दिसणारा प्रत्येक बाक कोणाचा तरी असे.

ही अडचण काही जणांनी ओळखली. न्यूयॉर्कमध्ये १८३० नंतर लुईस आणि आर्थर टॅपन या व्यापारी बंधूंच्या पुढाकाराने 'फ्री चर्च' निघाली. इथे फ्री म्हणजे बाकाला भाडे नाही. १८३२ साली त्यांनी चॅटम स्ट्रीटवरचे एक थिएटर घेऊन त्याचे प्रार्थनास्थळ केले आणि तेव्हाचे गाजलेले प्रवचनकार चार्ल्स फिनी यांना तिथे आणले. चर्चची पायरी चढायला बिचकणारा माणूस थिएटरात मात्र सहज शिरतो, हे त्यांना कळले होते.

पण याच कथेला एक काळी कडा आहे. फिनी गुलामगिरीचे कडवे विरोधक. गुलाम बाळगणाऱ्याला ते प्रभुभोजनाला बसू देत नसत. तरीही त्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांनी वेगळ्या भागात बसायचे, ही रीत त्यांनी मोडली नाही. लुईस टॅपन यांना ते पटत नव्हते आणि त्यावरून दोघांत मतभेद झाले. त्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये ॲबसालम जोन्स यांना गुडघे टेकून प्रार्थना करत असतानाच उठवण्याचा प्रयत्न झाला, कारण ते 'आपल्या' जागी बसले नव्हते. जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठले आणि चर्चबाहेर पडले. ॲलन यांचे बेथेल चर्च १७९४ साली उभे राहिले, ते या अपमानातून. भाडे माफ करणे सोपे. शेजारी बसवून घेणे अवघड.

बुटांच्या दुकानातला मुलगा

या सगळ्या वाचनात माझ्या मनात घर करून राहिली ती ड्वाइट मूडी यांची गोष्ट. १८३७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्ड गावी जन्म. वडील लवकर गेले, शिक्षण जेमतेम. सतराव्या वर्षी, १८५४ साली, नोकरीच्या शोधात हा मुलगा बॉस्टनला आला. मामाने बुटांच्या दुकानात ठेवून घेतले ते चर्चला जायचे, या अटीवर. म्हणून तो माउंट व्हर्नन चर्चच्या संडे स्कूलमध्ये जाऊन बसला.

पाठ योहानाच्या शुभवर्तमानाचा होता. शिक्षक एडवर्ड किंबल यांनी त्याच्या हाती बायबल दिले. योहान नव्या करारात, म्हणजे ग्रंथाच्या शेवटच्या भागात. हा बिचारा उत्पत्तीपासून, अगदी पहिल्या पानापासून शोधू लागला. वर्गातली सुखवस्तू घरची मुले एकमेकांना कोपरांनी ढोसू लागली. किंबल यांच्या ते लक्षात आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या हातातले, बरोबर पान उघडलेले बायबल मूडीच्या हातात दिले आणि त्याचे स्वतःकडे घेतले.

एवढेच. पण हे दोनदा वाचण्यासारखे आहे. किंबल यांनी 'पान अमुक' असे सांगितले नाही, कारण त्याने मुलाचे अज्ञान चारचौघांत उघडे पडले असते. त्यांनी आपले पुस्तक सोडले. पुढे २१ एप्रिल १८५५ रोजी किंबल स्वतः दुकानात गेले. मागच्या खोलीत मूडी बूट कागदात गुंडाळून फळीवर रचत होता. तिथेच दोघांचे बोलणे झाले आणि मूडीच्या आयुष्याला वळण लागले.

गंमत अशी, की चर्चच्या सभासदत्वासाठी याच मुलाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा त्याला धड उत्तरे देता आली नाहीत. त्याला थांबवून ठेवले आणि १८५६ साली घेतले. एकाच चर्चमध्ये एक माणूस पान उघडून देत होता आणि एक समिती पाठांतर तपासत होती. दोन्ही माणसे प्रामाणिकच. आपल्या मंडळांतही ही दोन्ही असतात, ओळखीची वाटतील.

त्याच वर्षी मूडी शिकागोला गेला. तिथल्या प्लिमथ चर्चमध्येही बाकांना भाडे होते. या विक्रेत्याने त्यावर सरळ उपाय काढला. स्वतःच्या पगारातून एक बाक भाड्याने घेतला आणि खानावळींतून, रस्त्यांच्या कोपऱ्यांवरून नव्याने आलेली एकटी पोरे गोळा करून तो भरला. पाहता पाहता असे चार बाक झाले. मग एका संडे स्कूलमध्ये शिकवायला जागा आहे का, म्हणून विचारायला गेला. शिक्षक पुरेसे होते, विद्यार्थीच कमी. पुढच्या रविवारी तो गल्लीबोळांतली १८ अनवाणी मुले घेऊन हजर झाला. त्यातून वाढलेल्या शाळेला २५ नोव्हेंबर १८६० रोजी नुकतेच निवडून आलेले अब्राहम लिंकन भेट देऊन गेले. १८६४ मध्ये इलिनॉय स्ट्रीट चर्च उभे राहिले, तिथे बसायला भाडे नव्हते.

मूडी यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. १८७६ साली दक्षिणेतल्या त्यांच्या सभांत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या जागा त्यांनी चालवून घेतल्या, त्याबद्दल फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स यांनी पुढे त्यांना धारेवर धरले. कोणे एके काळी स्वतः परका असलेला माणूसही दुसऱ्याचे परकेपण विसरतो.

स्वागताची दुसरी बाजू

विसाव्या शतकात या प्रश्नाला एक शास्त्र मिळाले आणि त्याचे मूळ आपल्याकडे निघाले. डॉनल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली दमोहचा; मिशनरी म्हणून त्यांची सुमारे तीस वर्षे जुन्या मध्य प्रांतात गेली, ज्याची राजधानी आपले नागपूर. जातीतून एकटादुकटा बाहेर पडून ख्रिस्ती झालेला माणूस घरचाही राहत नाही आणि चर्चचाही होत नाही, हे त्यांनी पाहिले. त्यावरून त्यांनी मांडले, की माणसे आपल्यासारख्यांत सहज येतात. भाषा, वर्ण, वर्ग ओलांडायला लावू नका. १९५५ साली त्यांचे 'द ब्रिजेस ऑफ गॉड' प्रसिद्ध झाले आणि १९६५ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत ते हे शिकवू लागले. चर्चे वाढवायला हे सूत्र उपयोगी पडले. पण टीकाकारांनी विचारले, की जात जशीच्या तशी आत घेतली तर बदलले काय? आपल्याला हा प्रश्न समजावून सांगायला नको.

दरम्यान परकी माणसे दाराशी येतच होती. १९५३ साली बॉब फिन्ली यांनी 'इंटरनॅशनल स्टूडंट्स' ही संस्था काढली. परदेशी विद्यार्थ्यांचा पाहुणचार करायचा आणि त्यांना सुवार्ताही सांगायची, असा दुहेरी हेतू. तो त्यांनी लपवला नाही. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून निर्वासित आले, तेव्हा अनेक चर्चांनी एकेका कुटुंबाची जबाबदारी घेतली. घर शोधणे, मुलांना शाळेत घालणे, नोकरीच्या मुलाखतीला गाडीने नेणे, अशी कामे सभासदांनी वाटून घेतली. हिवाळ्यातले कोट वाटणाऱ्या त्या बायकांच्या मनात धर्मप्रसार होता का? असेल. कोट ऊबदार होता, हेही खरे.

हेतू आणि ऊब यांचा हा तिढा मराठी माणसाला जुनाच आहे. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुराहून पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांचे साहाय्य मागितले. कोल्हापुरात अनेक वर्षे काढलेल्या रॉयल वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' मासिकात छापला. त्यांचा सल्ला होता, आधी ख्रिस्ती व्हा. तोच अंक न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याच्या दवाखान्यात वाट पाहत असताना वाचला आणि अट न घालता पत्र लिहिले. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्या या बाईंच्या भरवशावर. त्यांना त्या मावशी म्हणत. एकाच मासिकाच्या पानांतून दोन स्वागते निघाली.

आणि आपण

माझी गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या वर्षी मला सरळ विचारण्यात आले आणि मी सरळ नाही म्हटले. बाप्तिस्मा मला घ्यायचा नव्हता. शुक्रवारच्या जेवणाला बोलावणाऱ्या दोन-तीन घरांचे फोन हळूहळू थांबले. व्हॅनवाल्या आजोबांना वाईट वाटले, ते त्यांनी लपवलेही नाही. पण पुढच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे साडेसहाला गाडी दारात होती. २००८ साली पदवीदान झाले तेव्हा बाबांच्या ऑपरेशनमुळे आईबाबांना येता आले नाही. कुटुंबीयांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर ते आणि त्यांच्या पत्नी बसले होते. रूममेटच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. स्वागत खरे की खोटे, हे पाहुणा नाही म्हणाल्यानंतरच्या शुक्रवारी कळते.

त्याच काळात एका शहरातल्या मराठी गणेशोत्सवाला मी प्रथम गेलो होतो. मला दोन तासांत तिघांनी विचारले, "स्टूडंट की एच-वन?" उत्तर ऐकून तिघेही आपापल्या टेबलाकडे परतले. नाव कोणी विचारले नाही. टेबलांवर पाट्या नव्हत्या, पण प्रत्येक खुर्ची कोणाची तरी होती. आमचे पैसे तिकिटाचे, भाडे नव्हे, एवढाच फरक. आज मी स्वतः अशाच एका टेबलावर पंधरा वर्षे बसतो, म्हणून हे दुसऱ्याचे उणे काढत नाही.

मागच्या गणपतीत आरतीच्या वेळी एक नवे जोडपे माझ्या शेजारी उभे होते. मुलगा आरतीसंग्रहाची पाने पुढे-मागे करत होता. मी माझे उघडे पुस्तक त्याच्या हातात दिले आणि त्याचे घेतले. मग लक्षात आले, की इतकी वर्षे म्हणत असलेल्या त्या आरतीचे तिसरे कडवे मला पाठ नाही. तो म्हणत होता, मी नुसत्या टाळ्या वाजवत होतो.