टॉयलेट पेपर : अर्थ, उपयोग आणि कागदावर रक्त दिसल्यास काय करावे?

टॉयलेट पेपर म्हणजे शौचानंतर पुसण्यासाठी वापरला जाणारा मऊ, पातळ कागद. त्याचे तंतू आखूड असल्याने तो पाण्यात लवकर सुटा होतो. ओले वाइप्स मात्र तसे सुटे होत नाहीत, त्यामुळे ते कमोडमध्ये टाकल्यास पाइप तुंबतो. अमेरिकेत १८५७ मध्ये जोसेफ गेयेटी यांनी असा कागद विक्रीस आणला.

पाणी चांगले की कागद?

पाण्याने धुण्याची आपली सवय चांगलीच आहे. मूळव्याध, फिशर (गुदद्वाराजवळची चीर) किंवा जुलाब असताना कोरडा कागद घासल्याने त्वचा सोलवटते. अशा वेळी पाणीच वापरा. मात्र त्वचा ओलसर राहिली तर खाज आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मधुमेहींनी आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावे. धुतल्यानंतर जागा कोरडी करण्यासाठी कागद उपयोगी पडतो.

कसा वापरावा?

• घासू नका, हलक्या हाताने टिपा.
• महिलांनी आणि मुलींनी नेहमी पुढून मागे पुसावे. उलट पुसल्यास गुदद्वाराजवळचे जंतू लघवीच्या मार्गात जाऊ शकतात.
• पांढरा, बिनवासाचा कागद घ्या. सुगंधी वाइप्समुळे काहींना ॲलर्जी होते.
• प्रवासात फक्त कागदच असेल तर तो थोडा ओला करून वापरा.
• नंतर साबणाने हात धुवा.

कागदावर रक्त दिसले तर?

पाण्याने धुताना थोडे रक्त वाहून जाते आणि लक्षातही येत नाही. पांढऱ्या कागदावर ते लगेच दिसते. लाल रक्त बहुतेक वेळा मूळव्याध किंवा फिशरचे असते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाऊ शकते. म्हणून ‘मूळव्याधच असेल’ असे समजून महिनोन् महिने मलम लावत बसू नका. एकदा तपासून घ्या.

पुढील लक्षणे असल्यास डॉक्टरांना लवकर भेटा :

• वारंवार रक्त जाणे
• शौचाच्या सवयीत बदल
• वजन घटणे, थकवा
• घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे

खूप रक्त गेले, चक्कर आली किंवा शौचाला डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. हे सांगताना लाजू नका. आमच्यासाठी हा रोजचाच प्रश्न आहे.